डोंगरातलं छोटं लग्न: जागा पाहुण्यांच्या पायांनी निवडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्हा दोघांसह चौदा माणसं. पायथ्याच्या गावात, १,९०० मीटरवर मुक्काम. लग्न मात्र २,८०० मीटरवरच्या एका उघड्या सोंडेवर करायचं मनात आहे. गाडी सोडल्यावर तिथपर्यंत दीड किलोमीटरची वाट, २०० मीटरचा चढ, तुम्हाला चाळीस मिनिटं लागली. पाहुण्यांत ८१ वर्षांच्या आजी, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. सहा महिन्यांची गरोदर बहीण, तिचा चार वर्षांचा मुलगा, आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे मामा. तुम्ही विचारलंय, ‘सगळ्यांना वरपर्यंत सुखरूप कसं न्यायचं?’

माझं उत्तर: नेऊ नका. सोंड तुमची आहे, लग्नाची नाही. लग्नाची जागा पाहुण्यांच्या पायांनी निवडा आणि सोंडेवर दोघंच जा, फोटोवाल्याला घेऊन. त्याच दिवशी पहाटे जा नाहीतर दुसऱ्या दिवशी. वर फक्त तुम्ही आणि डोंगर असाल, आणि खाली विधीच्या वेळी आजी पहिल्या रांगेत बसलेल्या असतील. या दोन गोष्टी एकाच जागी, एकाच तासात बसवायला गेलं की दोन्हींची माती होते. बरीच वर्षं अशी लग्नं आखतेय, आणि ज्यांनी ही फोड मनापासून मान्य केली त्यांची बाकीची कामं आपोआप सोपी झालेली बघितली आहेत.

चाळीस मिनिटांचा हिशेबही एकदा नीट बघा. डोंगरात चालायचा वेळ काढायला १८९२ पासून वापरात असलेला नेस्मिथचा नियम आहे: सपाटीवर ताशी पाच किलोमीटर आणि वर दर ६०० मीटर चढाला एक तास. तुमच्या वाटेला तो अडतीस मिनिटं देतो, म्हणजे तुम्ही सांगितलेली वेळ बरोबर आहे. पण तो नियम धडधाकट माणसाचा. चार वर्षांचं मूल आणि गरोदर बाई बरोबर असली की दुप्पट धरा, आणि आजींसाठी हिशेबच करू नका. शिवाय उतरायचंही असतंच. ऑपरेशन झालेला गुडघा चढताना कुरकुरतो आणि उतरताना बंड करतो.

मग जागा कशी बघायची? बहुतेक जोडपी दृश्य बघतात. तुम्ही गाडीचं दार बघा. दारातून पाय खाली टाकल्यापासून खुर्चीत टेकेपर्यंतची वाट ही खरी जागा. पाहणीला जाताना एक घडीची खुर्ची आणि पाठीला पाच-सहा किलोंची पिशवी घ्या आणि आजींच्या चालीनं चाला: एक पाऊल, दुसरं पाऊल त्याच्या शेजारी, मग पुढचं. सुटे खडे कुठे आहेत, पायरी कुठे अर्धा फूट जास्त उंच आहे, कठडा कुठे संपतो, हे त्या चालीत लगेच कळतं. तरण्या चालीत यातलं काहीच दिसत नाही. चाकाची खुर्ची लागण्याची शक्यता असेल तर उताराचं प्रमाण लक्षात ठेवा. इमारतींच्या रॅम्पसाठी साधारण १:१२ हे प्रमाण मानतात, म्हणजे बारा फूट पुढे गेल्यावर एक फूट चढ. त्याहून उभ्या वाटेवर ढकलणाऱ्याची दमछाक होते आणि बसणाऱ्याचा जीव मुठीत येतो.

मुक्कामी पोचलात की खुर्ची मांडा आणि दहा मिनिटं नुसते बसा. गवताळ जागा असेल तर खुर्चीचे पाय एकेक करून रुततात आणि माणूस हळूहळू एका बाजूला कलतो. पातळ पायांच्या खुर्च्या अशा जागी नकोच. रुंद बुडाच्या घ्या किंवा खाली फळ्या टाका. आजींची खुर्ची हात असलेली आणि साधारण ४५ सेंटीमीटर उंच हवी. त्याहून खाली बसलं की उठताना दोन माणसं लागतात. बिनपाठीची स्टुलं, लाकडाचे ओंडके, गवताच्या गाठोड्यांवर अंथरलेली चादर हे सगळं फोटोत छान दिसतं, आणि पंधराव्या मिनिटाला प्रत्येक जण कूस बदलायला लागतो.

बसल्या बसल्या ऊन कुठून येतंय तेही बघा. इथे फोटोवाला आणि पाहुणे यांचं हमखास वाजतं. फोटोवाल्याला तुमच्या पाठीमागून येणारा प्रकाश आवडतो, आणि तसं उभं केलं की सगळे पाहुणे सूर्याकडे तोंड करून, डोळ्यांवर हात धरून बसतात. मी पाहुण्यांची बाजू घेते. ऊन एका बाजूनं येईल असे उभे राहा. फोटो बिघडत नाहीत, आणि त्यात आईवडिलांचे चेहरे आठ्यांशिवाय येतात. उंचीवर ऊन नुसतं डोळ्यांत जात नाही. दर हजार मीटरला अतिनील किरणांचा मारा सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो, आणि आसपास ताजा बर्फ असेल तर त्यातला मोठा भाग खालून परत अंगावर येतो. हवा गार असल्यामुळे कुणाला भाजल्याचं कळतही नाही, संध्याकाळी नाक लाल झालेलं दिसतं. गॉगल लावून विधीला बसणं वाईट दिसतं असं कुणी म्हणालं तर म्हणू द्या.

वाऱ्याचं थोडं विस्तारानं सांगते, कारण डोंगरातल्या लग्नात सर्वांत जास्त तक्रार याचीच असते. ती कुणी तोंडावर करत नाही एवढंच. दिवसा उतार तापतात आणि वारा दरीतून वर चढतो. सूर्य गेला की उलट होतं, थंड हवा उतारावरून खाली घरंगळते आणि खोलगट जागेत साचते. तुम्ही कड्याच्या बाजूला, दरीकडे पाठ करून उभे राहिलात, म्हणजे जिथे सगळेच उभे राहतात तिथे, तर दुपारचा वारा तुमच्या पाठीवरून पाहुण्यांच्या तोंडावर जाणार. एक फायदा आहे, तुमचं बोलणं वाऱ्याबरोबर त्यांच्यापर्यंत पोचतं. पण तुमचे केस तुमच्याच तोंडावर येतात आणि पाहुणे गारठतात. वारा उलटा असेल तर तिसऱ्या खुर्चीपलीकडे शब्द पोचत नाही. चौदा माणसांसाठी स्पीकर लागत नाही. खुर्च्या अर्धगोलात, दोन पावलांवर मांडा. काही संरक्षित जंगलांत आवाज वाढवणारी यंत्रं लावू देतही नाहीत. आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर कॉलरच्या माइकला फरचं टोपण हवं, नाहीतर नुसती फडफड ऐकू येईल.

थंडीचा अंदाज गावातल्या हवेवरून बांधू नका. हजार मीटर चढलं की सरासरी साडेसहा अंश तापमान उतरतं. गावात १६ अंश असतील तर तुमच्या सोंडेवर १० असतील, आणि १० अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला की अंगाला सात अंशांसारखं लागतं. तुम्ही दोघं उभे असता, हलता, मनात धडधड असते, त्यामुळे तुम्हाला थंडी लागत नाही. पाहुणे स्थिर बसलेले असतात. प्रत्येक खुर्चीवर एक जाडसर शाल घडी घालून ठेवा. कोपऱ्यातल्या टोपलीत ठेवलेल्या शाली कुणी उठून घ्यायला जात नाही. पायाखाली जाड सतरंजी किंवा फोमचा तुकडा टाका, कारण गारवा जमिनीतून चढतो. आजींच्या मांडीवर गरम पाण्याची पिशवी. थर्मास गाडीत ठेवू नका, खुर्च्यांजवळ ठेवा.

आता उंची. तुमचा मुक्काम १,९०० वर आहे, हा निर्णय उत्तम आहे, तो बदलू नका. उंचीचा त्रास मुख्यतः झोपता त्या उंचीवर ठरतो. साधारण २,५०० मीटरच्या वर तो दिसायला लागतो. डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं, झोप तुटणं, आणि हे सगळं पोचल्या पोचल्या होत नाही, सहा ते बारा तासांनी होतं. तोपर्यंत लग्नाची रात्र आलेली असते. २,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ तीन चतुर्थांश असतो, ३,५०० वर तो दोन तृतीयांशाच्याही जरा खाली जातो. लेहला विमान थेट साधारण ३,२५० मीटरवर उतरवतं, स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राऊयोखला रेल्वे ३,४५४ मीटरवर नेऊन सोडते. शरीराला कळायच्या आत माणूस वर असतो. दोन तास वर जाऊन खाली झोपायला येणं वेगळं आणि वरच मुक्काम ठोकणं वेगळं. तीन हजारांच्या वर मुक्काम करायचाच झाला तर झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, हा गिर्यारोहकांचा नियम वऱ्हाडालाही लागू आहे.

मामा, आजी आणि बहीण या तिघांनी आपापल्या डॉक्टरांना प्रत्यक्ष आकडा सांगून विचारावं. ‘डोंगरात जाऊ का?’ असं विचारलं की ‘जा, जपून’ असं उत्तर मिळतं. ‘१,९०० वर तीन रात्री झोपणार आणि २,३०० वर दोन तास बसणार, चालेल का?’ असं विचारलं की डॉक्टर गोळ्या तपासतात. उंचीच्या त्रासाची गोळी मित्राच्या सांगण्यावरून कुणी घेऊ नये. पहिल्या रात्री दारू टाळा म्हणून सांगा. ऐकणारे ऐकतील. लहान मूल ‘डोकं दुखतंय’ असं धड सांगू शकत नाही. ते चिडचिडं झालं आणि खाईना, तर हट्ट समजू नका.

लग्न सोंडेच्या खाली, २,२०० ते २,४०० च्या पट्ट्यात, गाडीरस्त्यालगत शोधा. घाटमाथ्यावरचा एखादा रुंद टप्पा, तळ्याचा काठ, जुन्या विश्रामगृहाचं अंगण असं काही. मी यादी करते तेव्हा एकच गोष्ट आधी बघते: शौचालय किती लांब आहे. पाच मिनिटांच्या आत नसेल तर ती जागा माझ्यासाठी बाद, किंवा मग फिरतं शौचालय आणायचं. यावर हसू नका. जागेवर सोय नाही हे कळलं की वयस्क बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत, आणि उंचीवर पाणी न पिणं हे आजारपणाला दिलेलं आमंत्रण. गरोदर बहिणीला तर दर तासाला जावं लागणार. फिरतं युनिट न्यायला रस्ता नसेल तर उंच तंबू, आत कमोडची खुर्ची, आणि सगळा कचरा परत खाली, एवढी व्यवस्था चौदा माणसांना पुरते. तंबूला आतून कडी लागते ना, तेवढं स्वतः बघा.

रस्त्याबद्दल दोनच गोष्टी. मोठी बस बोलावू नका, वळणांवर ती अडते आणि मागे बसलेल्यांच्या पोटात ढवळतं. दोन-तीन लहान गाड्या घ्या, ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवा, आणि गाडी लागण्याची गोळी निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या. बहिणीनं मात्र डॉक्टरांना विचारूनच. आणि एक गाडी, चालकासकट, लग्नाच्या जागेवरून अजिबात हलणार नाही. फुलं विसरली, अंगठी राहिली, कुणाला आणायचंय, कशासाठीही नाही. आजींना दमल्यासारखं वाटलं, मूल झोपलं, बहिणीला आडवं व्हायचंय, तर ती गाडी.

पावसाचा पर्याय सगळेच ठरवतात, पण असा की तो वापरावा लागला तर रडू येईल. ‘नाहीच जमलं तर हॉटेलच्या जेवणघरात’ हा पर्याय नाही. दुसरी जागाही जाऊन बघा आणि स्वतःला विचारा, इथेच लग्न झालं तर मला चालेल का? मोठ्या खिडकीची खोली, शेकोटीची जागा, झाकलेला व्हरांडा, असं काहीतरी आवडेल तेव्हा थांबा. निर्णय घेणारा माणूस एकच ठेवा आणि तो तुम्ही नसा. आदल्या संध्याकाळी सहाला पहिला निर्णय, सकाळी सातला शेवटचा, नंतर चर्चा बंद. डोंगरात उन्हाळी दिवसांत ढग दुपारनंतर चढतात, म्हणून विधी सकाळी दहाच्या सुमारास ठेवा आणि बाराच्या आत सगळे खाली.

विजेच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा आणि तीननं भागा, तेवढे किलोमीटर वीज लांब आहे. पण हे कुतूहलासाठी झालं. गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही टप्प्यात आहात, विधी जिथे असेल तिथे थांबवायचा आणि बंद गाडीत किंवा पक्क्या इमारतीत जायचं. कापडी छत, उघडी शेड, एकटं झाड यांतलं काहीही वाचवत नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मगच बाहेर. हे आधी सगळ्यांना सांगून ठेवलंत तर त्या क्षणी कुणी ‘अजून दोनच मिनिटं’ म्हणत नाही.

ऐन संध्याकाळचं लग्न हवं असं वाटत असेल तर एक लक्षात घ्या: पंचांगातला सूर्यास्त डोंगराला लागू नाही. पश्चिमेला उंच धार असली की ऊन तास-दीड तास आधी जातं आणि तापमान झपकन उतरतं. मग अंधारात, थंडीत, दमलेल्या माणसांना उतरवायचं. आजी बरोबर असताना मी संध्याकाळ घेत नाही. तुमचा मावळतीचा प्रकाश दुसऱ्या दिवशी सोंडेवर घ्या, आणि उतरायला डोक्यावर बांधायच्या बॅटऱ्या न्या, फोनच्या उजेडावर विसंबू नका.

पाहुण्यांना पाठवायचं पत्र हा यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. नुसतं ‘थोडं चालावं लागेल’ असं कुणाला लिहू नका; ‘थोडं’ प्रत्येकाचं वेगळं असतं. मी साधारण असं लिहून देते:

‘गाडीतून उतरल्यावर १८० पावलं चालायचं आहे. पहिली १४० सपाट, मुरुमाची वाट. मग ११ पायऱ्या, उजव्या हाताला कठडा आहे, शेवटच्या तीन पायऱ्यांना नाही, तिथे हात द्यायला माणूस उभा असेल. शौचालय वाटेत डावीकडे आहे. सकाळी १२-१३ अंश असतील, वारा असेल. सपाट तळाचे, न घसरणारे बूट घाला; चांगले कपडे खाली घाला, वर गरम काहीतरी. एकूण सव्वा तास बाहेर बसायचं आहे. वर यावंसं वाटलं नाही तर खाली मुक्कामावर गरम खोली आहे, तिथे थांबा. दुपारी सगळे तिथेच येणार आहोत.’

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. न येण्याची मोकळीक दिली की उलट बरेचजण येतात, आणि जे येत नाहीत ते कानकोंडे होत नाहीत.

दिवसाची आखणी सैल ठेवा. लग्नाच्या दोन दिवस आधी सगळ्यांनी गावात पोचावं, एक पूर्ण दिवस रिकामा. विधी वीस-पंचवीस मिनिटांचा, त्यानंतर अर्धा तास फोटो आणि गळाभेटी, आणि कुटुंबाचे फोटो सगळ्यांत आधी, म्हणजे आजी मोकळ्या होतील. फोटोवाल्याला हा क्रम लेखी द्या. जेवण खाली, भिंतींच्या आत, पाठ असलेल्या खुर्च्यांवर. वर मेजवानी मांडायचा मोह होतो, पण बशा उडतात, अन्न निवतं, माशा येतात, आणि वाढणारे लोक पाहुण्यांपेक्षा जास्त होतात.

कायद्याचं काम डोंगरावर नेऊ नका. साक्षीदार, आगाऊ नोटीस, कागदपत्रं यांचे नियम देशागणिक वेगळे असतात. नोंदणी आपल्या गावी आधी किंवा नंतर उरकली की डोंगरावरची तारीख पावसाप्रमाणे एखादा दिवस पुढेमागे सरकवता येते. जागेची परवानगी मात्र ज्याच्या अखत्यारीत जंगल आहे त्याच्याकडून लेखी घ्या, आणि माणसांची कमाल संख्या, ड्रोन, फुलांच्या पाकळ्या, शेकोटी यांबद्दल स्पष्ट विचारा. यातलं काही ना काही बंद असतंच, आणि ते तिथे गेल्यावर कळलं की सकाळ वाया जाते.

जे येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी थेट प्रक्षेपणाचा घाट घालू नका. डोंगरात सिग्नल येतो-जातो, आणि कुणीतरी फोन उंच धरून विधीभर उभं राहतं. साधं रेकॉर्डिंग करा आणि संध्याकाळी खालून पाठवा. फोन लागतो का हे मात्र जागेवर तपासाच, प्रत्येक कंपनीच्या कार्डावर, कारण तो मदतीसाठी लागतो. सर्वांत जवळचं, रात्री डॉक्टर असणारं रुग्णालय कुठे आणि गाडीनं किती वेळ, हे थांबणाऱ्या गाडीच्या चालकाला तोंडपाठ हवं.

आरक्षणाचा क्रम उलटा करा. बहुतेकजण आधी फोटोवाला ठरवतात. तुम्ही आधी डॉक्टरांची उत्तरं घ्या, मग तळमजल्यावर खोल्या असलेला मुक्काम, मग पावसाची जागा, मग गाड्या, मग परवानगी. बहिणीची तारीखही यात बघा. आत्ता सहावा महिना असेल आणि लग्न दोन महिन्यांनी असेल, तर या सगळ्याच्या आधी तिला विचारा की बाळ झाल्यावर लग्न केलेलं तिला आवडेल का. सोंड तोपर्यंत कुठे जात नाही.